क्लॅरीचा डबा आणि रोवेनाची सोडत

रोवेना पास्कोला मी तीस वर्षं ओळखतो, त्यातली एकोणतीस तिने माझ्याशी वाद घालण्यात घालवली. आमच्या कॅरुंगा गावातल्या गव्हाच्या कोठारावर ती वजनकाटा सांभाळायची. कापणीचे दहा आठवडे ट्रकांची रांग, बाकीचं वर्षभर माश्या मारायच्या. मी बोल्स क्लबची, म्हणजे गवतावर चेंडू घरंगळवत खेळतात त्या क्लबची, हिरवळ कापायचो, म्हणजे माझंही तसंच. रिकामा वेळ मी झोपून काढला. तिने कॉम्प्युटर आणला.

आणला म्हणजे काय, भाचा शहरात शिकायला गेला, त्याने टाकून दिलेला. टीव्हीला जोडायचा, आणि प्रोग्रॅम साठवायला गाण्यांची कॅसेट वाजवतो तसला टेपरेकॉर्डर. सोबत जुन्या मासिकांचा गठ्ठा. मासिकात अख्खे खेळ ओळीनं छापलेले असायचे आणि ते आपण अक्षरन् अक्षर टाइप करायचे. रोवेनाने पहिलाच खेळ घेतला तो तीन पानांचा. दोन दिवस टाइप केला, आणि मशीन म्हणे ओळ अमुक, चूक. मग मला बोलावणं आलं. मी मासिकातून मोठ्यानं वाचायचं, तिनं पडद्यावर बोट ठेवून ताडून बघायचं. चार दिवसांनी सापडलं: स्वल्पविरामाच्या जागी टिंब.

"एवढ्यासाठी चार दिवस?" मी म्हणालो.

"एवढ्यामुळे कळलं ना, ही ओळ काय करते ते," ती म्हणाली.

तिचं शिकणं असंच. मास्तर नाही, वर्ग नाही. छापलेलं उतरवायचं, मग एक आकडा बदलून बघायचं काय होतं, मग दोन. वजनाच्या पावत्यांच्या पाठीमागे पेन्सिलीनं स्वतःच्या ओळी लिहायची. तिचा पहिला स्वतःचा प्रोग्रॅम नाव विचारायचा आणि नाव सांगितलं की नमस्कार करायचा. मला सहा वेळा करून दाखवला. मी सहाव्यांदाही वा म्हणालो, शेजारधर्म म्हणून.

आता क्लॅरी डन्स्टनचं सांगतो, कारण सगळं त्याच्यापायी घडलं. क्लबात दर शनिवारी रोवेना धरून आम्ही सोळा जण खेळायचो, आठ जोड्या. कोण कुणाचा जोडीदार ते सोडतीनं ठरायचं. सोळा नावांच्या लाकडी चकत्या बिस्किटाच्या डब्यात घालायच्या, डबा हलवायचा आणि दोन-दोन काढायच्या. बावीस वर्षं तो डबा क्लॅरीच्या हातात होता. पण त्या हिवाळ्यात त्याचे हात थरथरायला लागले. एका शनिवारी डबाच हातून सुटला, दोन चकत्या फ्रिजखाली गेल्या. क्लॅरीच म्हणाला, आता दुसऱ्या कुणीतरी करा. पण त्याच्या देखत डबा उचलायची कुणाची छाती होईना.

तेव्हा रोवेना म्हणाली, डबा नकोच, मी सोडतीचा प्रोग्रॅम लिहिते. क्लॅरीनं मान डोलावली, डबा काखेत मारला आणि घरी घेऊन गेला. त्याला बरं वाटलं असेल असं आम्ही धरून चाललो. माणूस सोयीचं तेच धरून चालतो.

दीड महिना खपून तिनं प्रोग्रॅम लिहिला. शनिवारी मशीन क्लबात नेलं, लावलं आणि आठ जोड्या पडद्यावर आल्या. रोवेनाच्या वाट्याला ऑब्री नीबोन, आमचा सगळ्यात भारी खेळाडू. दोघं जिंकले. बक्षीस नेहमीचं, मांसाचा ट्रे: मेंढीची अख्खी तंगडी आणि सॉसेजची माळ. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढच्या शनिवारी पुन्हा रोवेना आणि ऑब्री, पुन्हा तंगडी. हसणं झालं. तिसऱ्या शनिवारी पडद्यावर पहिलीच जोडी आली ती रोवेना आणि ऑब्री, आणि मग कुणी हसलं नाही. खेळ झाला, ट्रे टेबलावर आला. आयव्ही लॉक चहा ओतता ओतता म्हणाली की, फ्रिजात जागा तरी उरली का गं?

आणि मी, ज्यानं तिची प्रत्येक ओळ वाचून दाखवली होती, तो मी म्हणालो, "मशीनला मालकीण बरोबर कळते."

बोललो. खोटं कशाला सांगू? लोक हसले, आणि मला ते आवडलंही.

रोवेनानं कप खाली ठेवला. ट्रेला हात लावला नाही. टीव्हीची वायर गुंडाळत म्हणाली, "पुढच्या शनिवारी चूक शोधून आणते. नाहीतर माझं नाव यादीतून काढा." तिचं सगळं गणगोत म्हणजे तो क्लबच. नवरा गेल्यापासून शनिवार हाच तिचा वार होता. हे मला ठाऊक होतं, म्हणून जिभेची जास्तच लाज वाटली.

मंगळवारी मी पडलेलं तोंड घेऊन तिच्या घरी गेलो. माफीबिफी तिनं ऐकून घेतली नाही. पावत्यांचा गठ्ठा पुढे टाकला आणि म्हणाली, वाच. शनिवारपासून तिनं मशीनला हात लावला नव्हता. आता लावलं, कॅसेट भरली, प्रोग्रॅम चालवला. रोवेना आणि ऑब्री. तिनं पुन्हा चालवला: वेगळ्या जोड्या. पुन्हा: आणखी वेगळ्या. पन्नास वेळा चालवला, पन्नास तऱ्हा. नव्वद ओळी मी वाचल्या, एकीतही चूक नाही.

"घरी नेहमी असंच नीट चालतं," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "दिवस दिवस चालवून बघितलंय मी."

मला दुसरं काय येतंय, मी चहाची किटली लावली. हीटर चालू होता, घर जुनं. फ्यूज उडाला, मशीन बंद. मला वाटलं आता ही मला खाते. बंद पडलं की मशीन सगळं विसरायचं; फ्यूज बदलला, मग कॅसेटवरून प्रोग्रॅम पुन्हा भरत सात मिनिटं बसलो. म्हणून तर घरी ती मशीन कधी बंदच करायची नाही. चालवला. रोवेना आणि ऑब्री.

तिनं स्वतःहून मशीन बंद केलं, सात मिनिटं थांबली, चालवलं. तेच. मग खुर्चीत मागे टेकून हसायला लागली. मला तिनं असं समजावलं की मशीनला नशीब नसतं. आकड्यांची एक लांबलचक यादी त्याच्या पोटात असते आणि बंद करून लावलं की ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागतं. घरी ते यादीत पुढे पुढे जायचं. क्लबात दर शनिवारी पहिलं पान. बाकीच्या सात जोड्याही दर वेळी त्याच होत्या, पण आमचं सगळ्यांचं लक्ष तंगडीवर.

"मग नशीब आणायचं कुठून?"

"बाहेरून," ती म्हणाली, आणि पेन्सिल उचलली.

शनिवारी तिनं सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी, मशीनची नाही. मशीन दोनदा बंद करून तीच जोडी दाखवली. दोनदा सात मिनिटं सोळा माणसं चिडीचूप बसली, आमच्या क्लबात हे आक्रीतच. मग तिनं नवा प्रोग्रॅम भरला. आता मशीन यादीवरून भराभर धावत राहणार, कुणीतरी कळ दाबेल तिथे थांबणार आणि तिथून सोडत काढणार.

"आणि कळ दाबणार कोण? तूच ना?" आयव्हीनं विचारलं.

"क्लॅरी," रोवेना म्हणाली.

क्लॅरी मागच्या बाकावर होता. त्यानं हात पाठीमागे लपवले. "माझं काय घेऊन बसलीस, पोरी. हा हात कधी पडेल, ते माझं मलाच कळत नाही."

"तेच तर हवंय मला," ती म्हणाली. "इथे दुसऱ्या कुणाकडे ते नाही."

तो उठला. वेळ लागला त्याला. खुर्ची ओढून बसला, कळेवर हात धरला. हात थरथरत होता आणि यावेळी त्यानं तो लपवला नाही. आम्ही सगळे त्या हाताकडे बघत होतो. मग हात कळेवर पडला.

रोवेनाच्या वाट्याला आला मी. क्लबातला सगळ्यात भिकार खेळाडू, हे मीच सांगतो. आम्ही आठवे आलो, आठ जोड्यांत. तंगडी आयव्हीनं नेली.

पुढच्या शनिवारी क्लॅरी अर्धा तास आधीच आला. काखेत डबा होता. आत चकत्या नव्हत्या, बायकोनं केलेली बिस्किटं होती. डबा त्यानं मशीनच्या शेजारी ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि रोवेनाला म्हणाला, "चल, लाव लवकर. लोक खोळंबलेत."