डाकूच्या कोपराचं ठिगळ

"काका, हा डाकू आहे की नवरदेव?" डायरेक्टर मॅडम म्हणाल्या.

मोहगाव रोडवरच्या संत्र्याच्या बगीच्यात शूटिंग होती. पिक्चर जुन्या काळातल्या एका डाकूचा. सावकाराला लुटायचा, गरिबाला वाटायचा, झाडाझाडावरून उड्या मारायचा. हसायचा पिक्चर. त्याचा हिरवा, टोपीवाला अंगरखा मी शिवला. सौसर गावात पन्नास वर्षांपासून टेलर आहे. शिक्षण चौथी.

मी तो लग्नाच्या कोटासारखा शिवला. वरून कडक इस्त्री मारली. तीच चूक झाली.

"हा माणूस दहा वर्षं जंगलात राहतो," मॅडम म्हणाल्या. "कपडा थकलेला दिसला पाहिजे."

त्यांच्या ड्रेसमननं कात्री सरळ खालच्या घेराला लावली. मी त्याचा हात धरला.

"घेर नाही कापायचा. तिथं माह्या बायकोची तुरपाई आहे."

तुरपाई म्हणजे काठ आत दुमडून हातानं घातलेले बारीक टाके. वरून दिसत नाहीत. आमच्या दुकानात मशीन माझी, सुई शांताची. हा घेर तिचं शेवटचं काम. दातानं धागा तोडून म्हणाली, "डाकूले म्हणा, सांभाळून उड्या मार." आठ दिवसांनी गेली. मग शूटिंग लांबली. चार महिने झाले.

मॅडमनं घड्याळ पाहिलं. "काका, ऊन दोनच तास आहे. नाहीतर पेटीतला दुसरा अंगरखा घालावा लागेल."

म्हणजे तिचे टाके पिक्चरात येणारच नव्हते.

"मॅडम, कपडा घेरावर नाही झिजत," मी म्हटलं. "कोपरावर झिजते, कॉलरवर झिजते. पन्नास वर्षांपासून लोकाचं फाटलेलंच पाहून राहिलो मी. अन् फाटलं तं ठिगळ लागते. डाकूले घरचं कोणी नव्हतं का?"

"आहे ठिगळ?"

"आणतो."

ठिगळ जुन्याच कपड्याचं लागतं. नवी चिंधी लांबून ओरडते. घरी दोरीवर शांताचं जांभळं लुगडं चार महिन्यांपासून तसंच होतं. सून घडी करायला गेली की मी तिच्यावर खेकसायचो. आता घेर नाहीतर लुगडं, दोन्हीतलं एक कापायचंच होतं. जिथं ती हात पुसायची, तिथलाच तुकडा घेतला. तिथं लुगडं सगळ्यात मऊ होतं.

बगीच्यात परत आलो. कोपरावर ठिगळ लावलं. कॉलर टाच घासायच्या दगडानं घासली. बाह्या चहाच्या पाण्यात बुडवून उन्हात टाकल्या.

त्यांनी धुराची मशीन सुरू केली. बगीचा पाण्याखाली गेल्यासारखा झाला. संत्री नुसती लोंबत होती, झाडं दिसेनात. त्यातून दोरीवर झोका घेत डाकू आला. मला तो लई हळू आल्यासारखा वाटला. घेर छत्रीसारखा उघडला. एक टाका निघाला नाही. जांभळं ठिगळ संत्र्यांमधून पुढे पुढे गेलं. शांता सकाळी हेच लुगडं नेसून संत्र्याच्या तोडाईला जायची, अगदी तसंच.

"ओके!" मॅडम ओरडल्या.

डाकू खाली उतरून माझ्याजवळ आला. "काका, ठिगळ मस्त. कुठून आणलं?"

"घरचंच आहे."

लुगडं अजून दोरीवर आहे. मधात एक चौकोन नाही, त्यातून सकाळचं ऊन भिंतीवर पडते.

नवा कपडा मी दोन दिवसांत देतो. जुना पाहिजे असन तं आधी सांगत जा. त्याले वेळ लागते.