गोठ्यातलं ओलं सारवण

माझा मामा संगमनेरच्या एका वकिलाकडे कारकून होता. "शिक्षेचा धाक नसला तर माणसं एकमेकांना खातील," हे त्याचं पालुपद. आमच्या घराला कधी कुलूप नव्हतं आणि गावात कुणी कुणाचं चिपाड उचलत नव्हतं. ते कुठल्या शिक्षेला भिऊन, हे त्याने मला कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत सरकार पिकातला वाटा म्हणून लेव्हीची ज्वारी सक्तीने नेत असे, आणि वर लपवलेला दाणा सापडला तर तुरुंग. आमचं गाव पुणतांब्याजवळ. वडिलांनी लेव्ही घातली, पण बियाणाची ज्वारी राख मिसळून रांजणात भरली आणि रांजण गोठ्यात पुरला. घात केला तो आईच्या टापटिपीने. उकरलेली जमीन तशीच ठेवणं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिने तेवढाच तुकडा शेणाने सारवला. झडतीला आलेल्या अंमलदाराने नेमकी त्या ओल्या चौकोनावर काठी आपटली.

"सायेब, खायाचं न्हाई, बियानं हाय ते," आई म्हणाली. "ते नेलं तर आमी पेरायचं काय?"

रांजण गेला आणि वडीलही नगरच्या तुरुंगात गेले. चावडीवर अंमलदार म्हणाला, "एक आत गेला, की अख्खं गाव सुतासारखं सरळ येतं." खबर ऐकून संगमनेरहून आलेल्या मामाने मान डोलावली. मला दोघांचाही संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पुढच्या झडतीच्या सकाळी गावातल्या झाडून साऱ्या बायकांनी घरं, गोठे, अंगणं सारवून काढली. जिकडे पाहावं तिकडे ओलं. अंमलदार काठी घेऊन नुसता फिरत राहिला.

"आज कसला सण आहे?" तो खेकसला.

"तुमी येनार हुता नव्हं, सायेब?" शेजारची चाची म्हणाली.

त्याच संध्याकाळी चाची पदराआडून ज्वारी घेऊन आली. तिच्यामागून इतरजणीही आल्या. ज्या गुन्ह्यासाठी माझा बाप आत होता, त्याच गुन्ह्यातलं ते बियाणं. आईने ते कपाळाला लावलं आणि वेळेवर पेरलं.

वडील सुटून आले तेव्हा ज्वारी गुडघ्याला लागली होती. मामा भेटायला आला आणि बसता बसताच म्हणाला, "दाजी, आता तरी धडा घेतलात ना?"

"घेतला की," वडील म्हणाले आणि आईकडे वळले. "म्होरल्या खेपेला समदा गोठा सारव."