पेप्टाइड कुठे चिकटलं

स्कॅनरवर चित्र उमटलं आणि मी खुर्चीतून उठलेच. उंदराच्या मधल्या मेंदूचा काप. डावीकडे काळा डाग, उजवीकडे काहीच नाही.

"उजवी बाजू कोरी आहे रे," मी तेजसला म्हटलं. आम्ही दोघं एकाच बेंचवर काम करतो.

"वाट लागली. प्रयोग फसला, आणि क्लायंट दुपारी येतोय."

अंधेरीतली आमची लॅब औषध कंपन्यांसाठी चाचण्या करते. हे औषध पार्किन्सन्ससाठी होतं. या आजारात डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, हात थरथरतात. औषध न्यूरोटेन्सिन नावाच्या पेप्टाइडची नक्कल करायचं. पेप्टाइड म्हणजे प्रोटीनसारखाच, पण लहान रेणू. मेंदूतल्या पेशी त्यातून एकमेकींना निरोप देतात. निरोप घेणारी जागा म्हणजे रिसेप्टर. आम्हाला शोधायचं होतं, हे रिसेप्टर नेमके कुठल्या पेशींवर आहेत.

म्हणून उंदराच्या मेंदूतल्या फक्त उजव्या बाजूच्या डोपामिन पेशी विष टोचून मारल्या. त्या मेल्यात, हे आधीच तपासलं होतं. मग मेंदूच्या पातळ कापांवर किरणोत्सर्गी पेप्टाइड सोडलं. रिसेप्टर असेल तिथे ते चिकटतं, डाग दिसतो.

आमचे हेड कदम सर आले. त्यांच्या वडिलांनाच पार्किन्सन्स आहे. बोरिवलीच्या घरी चहाचा कप सर त्यांच्या ओठांना लावतात.

"विष जास्त झालं असेल," सर म्हणाले. "आजूबाजूचं सगळंच मेलं असेल. हे दाखवू नका."

"शेजारचा काप रंगवून बघते ना, सर. सगळं मेलं असेल तर कळेल."

"बघा. पटकन."

रंग चढेपर्यंत मी पॅसेजमध्ये फेऱ्या मारत होते. सर सारखे दार उघडून बघत होते.

मायक्रोस्कोपखाली बाकीच्या पेशी जागच्या जागी होत्या. म्हणजे तिथले रिसेप्टर डोपामिन पेशींवरच बसलेले. पेशी गेल्या, त्यांच्यासोबत तेही गेले.

सरांनी स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावला. "म्हणजे बाबांसारख्या पेशंटमध्ये..."

"औषधाला बसायला जागाच कमी, सर."

दुपारी क्लायंट कंपनीच्या मॅडम आल्या आणि त्यांनी दुसरं चित्र पुढे ओढलं. ते स्ट्रायटमचं होतं. डोपामिन पेशींचे धागे मेंदूच्या या भागात पोचतात. "इथे उजवीकडचा डाग फिकट झालाय, पण उरलाय. मग इथे औषध चालेल ना?"

"उरलेले रिसेप्टर दुसऱ्या पेशींवर आहेत," मी म्हटलं. "तिथे औषध काय करेल, माहीत नाही."

"पण चालू शकतं?"

मला वाटलं, सर हो म्हणतील. त्यांच्या तोंडावर ते आलंही होतं.

"माहीत नाही," सर म्हणाले. "हो म्हणण्यासारखं आमच्याकडे काही नाही."

कंपनीनं पेशंटवरची ट्रायल थांबवली आणि आधी स्ट्रायटमचं काम करायला सांगितलं. ते अजून चालू आहे. सर त्या दिवशी लवकर घरी गेले.

रिसेप्टर सापडला की लॅबमध्ये पेढे वाटतात. मी आता आधी विचारते, तो कुठल्या पेशीवर आहे, आणि पेशंटमध्ये ती पेशी उरलीय का?