आप्पांच्या साइटवरची गुरं सुटली तेव्हा

आप्पांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर केस वाळवत बसले होते. थंडी पडली होती. लातुरात त्या दिवसांत सकाळी दहाचं ऊन अंगावर घेतलं की माणूस निम्मा झोपेत जातो.

"ताई," आप्पा म्हणाले, "आपली साइट बालंक्या झालीय."

मला आधी उमगेना. मग हसू आलं. देवणी जातीच्या गुरांत तीन रंग असतात. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असले तर शेवेरा, तोंड काळं असलं तर वानेरा, आणि सगळंच पांढरं असलं तर बालंक्या. आप्पांनी साइट उघडली होती आणि कोऱ्या पांढऱ्या पडद्याशिवाय त्यांना काही दिसलं नव्हतं.

आप्पा देवणीजवळच्या एका खेड्यात राहतात. गुरांच्या दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झाले. गावोगाव फिरताना चांगली गाय किंवा वळू दिसला की ते वहीत लिहून ठेवायचे: गाव कुठलं, आई कुठली, बाप कुठला, शिंगं कशी, वशिंड केवढं. निवृत्त झाल्यावर त्यांनी तीच गावं पुन्हा पालथी घातली आणि फोटो जमवले. मी घरी बसून लहानसहान वेबसाइट करून देते. मंगल कार्यालयं, शिकवण्या, एखादी पतसंस्था. कुणाकडून तरी माझं काम कळून आप्पा वह्यांची पिशवी घेऊन घरी आले होते. त्यांच्या साइटवर प्रत्येक जनावराला एक पान होतं. चारशेच्या वर पानं. त्या साइटवर काम करताना मला नेहमी वाटायचं, आपण कुठल्यातरी ओढ्याकाठी बसलोय आणि समोरून सावकाश एक कळप चाललाय.

पांढरा पडदा आमच्या कामात नवा नाही. आदल्या दिवशी मीच थीमचं अपडेट दाबलं होतं आणि साइट उघडून न बघता एका साखरपुड्याला निघून गेले होते. थीम म्हणजे साइटचा पेहराव. प्लगिन म्हणजे तिला जोडलेली छोटी छोटी यंत्रं. एक फोटो मांडतं, एक शोधायला मदत करतं, एक फॉर्म भरून घेतं. नवा पेहराव आणि जुनं यंत्र यांचं बिनसलं की साइट तोंड मिटून बसते. आम्ही जिथून काम करतो तो डॅशबोर्डसुद्धा उघडत नाही. मग मागच्या दारानं, होस्टिंगच्या म्हणजे साइट जिथं ठेवलेली असते तिथल्या फाइलींतून आत जायचं आणि प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदलून टाकायचं. सगळे प्लगिन एकदम झोपी जातात. साइट उघडते, बोडकी का होईना. मग एकेकाला उठवायचं आणि दर वेळी साइट बघायची. ज्याला उठवल्यावर पडदा पांढरा होईल, तो गुन्हेगार.

मी लॅपटॉप गच्चीवरच आणला. एक उठवला, ठीक. दुसरा, ठीक. ऊन चढत होतं, खालून कुठूनतरी फोडणीचा वास येत होता. सातवा फोटो मांडणारा होता. त्याला उठवला आणि साइट पांढरी झाली.

तो प्लगिन ज्यानं बनवला, त्यानं त्याला कित्येक वर्षं हात लावलेला नव्हता. मी त्याला झोपलेलाच ठेवायला हवा होता. पण मनात आलं, काढून टाकून नव्यानं बसवून पाहू. मी डिलीट दाबलं. त्यानं काहीतरी विचारलं, मी ते न वाचता 'हो' म्हटलं. पाच सेकंदांत तो गेला आणि जाताना स्वतःची यादी घेऊन गेला. कुठला फोटो कुठल्या गाईचा, हे फक्त त्या यादीत होतं. नव्यानं बसवला तेव्हा तो कोरी पाटी घेऊन आला.

बॅकअप असेल म्हणून मी शोधायला गेले. बॅकअप घेणारा प्लगिन जागा संपल्यामुळे कित्येक महिने बंद पडला होता. तशी पत्रंही त्यानं पाठवली होती, मी उघडायचं सोडून दिलेल्या एका मेलवर. होस्टिंगवाल्यांनी दोन दिवसांनी फार अदबीनं कळवलं की त्यांच्याकडची प्रत त्याच दुपारची आहे. म्हणजे माझ्या डिलीटनंतरची.

गाईंची पानं शाबूत होती. फोटोही शाबूत होते, पण एका फोल्डरमध्ये खच्चून भरलेले, कॅमेऱ्यानं दिलेल्या आकड्यांच्या नावांनी. ते दोन दिवस मी काहीही करत असले, भाकरी थापत असले तरी, डोळ्यांसमोरून पांढरीकाळी जनावरं बिनआवाजाची जात होती आणि एकाच्याही मानेला दोर नव्हता.

मी जुनी थीम परत बसवून साइट उभी केली आणि आप्पांना फोन केला. काय झालं ते सगळं सांगितलं. अपडेटची चूक, डिलीटची चूक, न वाचलेली पत्रं.

"म्हणजे गाई हायत, पावत्या हरवल्यात," आप्पा म्हणाले.

"हो."

"गुरं सुटली म्हणायची. मग धरून आणू की. तुम्ही या इकडं. मला बगितल्याबगितल्या कळतंय कोण कुठली."

येळवस, म्हणजे रानात पूजा करायची वेळअमावास्या, झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले. लातूरहून उदगीर आणि तिथून पुढं दुसरी एसटी. खिडकीतून तुरीची रानं, ज्वारीची रानं, पुन्हा तुरीची. शेतांत पूजेच्या कडब्याच्या खोपी अजून उभ्या होत्या. मला डुलकी लागली आणि जाग आली तेव्हा क्षणभर कळेना की समोर शेत आहे की पडदा.

आप्पांच्या घरापुढं पत्र्याच्या सावलीत एक लाकडी बाज टाकलेली होती. त्यावर लॅपटॉप ठेवला. आप्पांची बायको, जिला सगळं घर आव्वा म्हणतं, तिनं न विचारता तांब्या आणि कालची आंबील आणून ठेवली आणि उंबऱ्याशी तुरीच्या शेंगा सोलत बसली. पहिले दोन दिवस ती आमच्या कामात एक शब्द बोलली नाही.

मी एक फोटो उघडायची. आप्पा चष्मा कपाळावर चढवून बघायचे.

"ही वलांडीकडची. बापाच्या शिंगावर गेलीय बगा."

मी ते पान शोधायची आणि फोटो थेट पानातच बसवायची, मध्ये कुठलाही प्लगिन न ठेवता. मग पुढचा.

"ह्याची आई लई मारकुटी होती. माझा सदरा फाडलता तिनं."

पहिल्या दिवशी दीडशेच्या वर जनावरं धरली. दुपार झाली की गावच थांबल्यासारखं व्हायचं. दूर कुठंतरी पाण्याची मोटार चालू असायची आणि तिच्या त्या एका सुरात आप्पांचा आवाज मिसळायचा: ही सावरगावची, ही हिची बहीण, ही मेली, हिला सात वेतं झाली. मधूनच मला वाटायचं की मी काम करतच नाहीय, कुणीतरी मला झोपवण्यासाठी सगळ्या तालुक्यातल्या गाई मोजतंय.

तिसऱ्या दिवशी आप्पा अडखळायला लागले. एका शेवेऱ्या गाईपाशी ते फार वेळ थांबले. चष्मा खाली घेतला, पुन्हा वर केला. पडद्याला बोट लावलं.

"ही... तळेगावची."

मी तळेगावचं पान उघडलं. त्यात लिहिलं होतं, डावं शिंग किंचित आत वळलेलं. फोटोत दोन्ही शिंगं सारखी होती. आप्पांनी ते वाचलं आणि पुढचा फोटो उघडायला सांगितलं. पुढच्या फोटोलाही तसंच झालं. त्याच्या पुढच्यालाही. ते मांडीवर हात घासत राहिले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. मला वाटलं, ह्या माणसाकडून आपण आणखी काहीतरी हिरावून घेतोय.

"राहू द्या आप्पा, चहा घेऊ."

"न्हाई, थांबा. मगाची ती परत दावा, मला ठावं हाय. ही तळेगावचीच."

"ती न्हाई," उंबऱ्यातून आव्वा म्हणाली.

तिनं मान वर केली नव्हती. आप्पा चिडले. "तुला काय कळतंय त्यातलं?"

आव्वानं सूप बाजूला सरकवलं, पदराला हात पुसले आणि येऊन बाजेपाशी वाकली. "गाय मला कळत न्हाई. पण ही भिंत बगा की. हिरवा चुना. हे हेळंबचं घर. त्या दिशी त्यांची सून माहेराहून बाळ घेऊन आलती. आपल्याला पेढा दिलता. तुम्ही दोर धरून हुबे होता आन् मी म्हणत हुते, जरा डावीकडं सरका, तुमचं डोस्कं येतंय."

मी आप्पांकडे बघितलं. मग आव्वाकडे.

"फोटो तुम्ही काढलेत?"

"मग कोण काढणार? ह्यांचे दोन्ही हात गाईला."

मी पुन्हा फोटोकडे वळले. खाली उजव्या कोपऱ्यात जमिनीवर एक सावली होती. डोक्यावर पदर, दोन्ही कोपरं वर, हातात काहीतरी धरलेलं. मी ती सावली दोन वर्षं बघत होते. शेकडो फोटोंत ती होती, कधी लांब, कधी पायांशी गोळा झालेली. थीमच्या चौकटीत फोटो नीट बसावा म्हणून कित्येकांतून मी ती स्वतःच्या हातानं कापली होती. सावली कुणाची, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

"हे तुम्ही सांगितलं नाही कधी," मी आप्पांना म्हटलं.

आप्पा खाली बघत होते. "तुम्ही इचारलं न्हाई," असं काहीतरी पुटपुटले. मग जरा थांबून म्हणाले, "माझ्याबी ध्यानात आलं न्हाई, सांगावं म्हणून."

त्यानंतर आव्वा बाजेवरच बसली. काम पुन्हा सुरू झालं, पण वेगळ्याच तऱ्हेनं. आप्पा जनावर ओळखायचे आणि आव्वा अंगण. आप्पा अडले की ती म्हणायची, ह्या बाईनं मला वंजळभर बोरं दिलती. इथं विहिरीवर लई वारं होतं. ह्या घरात तवा म्हातारी शेवटच्या दिवसांत होती, म्हणून आपण आत गेलो न्हाई. गावाचं नाव आलं की आप्पांच्या डोळ्यांत ती गाय उभी राहायची आणि मग ते थेट तिच्या आजीपर्यंत जायचे. सावल्या पत्र्याबाहेर लांबत गेल्या. मला आठवतंय, एका फोटोवर दोघं एकदम काहीतरी बोलले आणि दोघंही एकदम थांबले. कुठलं गाव होतं ते आता आठवत नाही.

शेवटी नऊ जनावरं उरली, जी दोघांनाही सापडेनात. मी त्यांचं एक वेगळं पान केलं आणि वर लिहिलं, ओळखत असाल तर कळवा. महिनाभरानं भोकरहून एका बाईंनी फॉर्म भरून पाठवला: तीन नंबरची गाय माझ्या माहेरची आहे, तिच्या कपाळावरचा ठिपका मी रोज बोटानं पुसायला बघायची. बाकी आठ अजून त्या पानावरच आहेत.

लातूरला परत आल्यावर मी साइटची एक चाचणीची प्रत केली. आता कुठलंही अपडेट आधी तिथं चालवते, बॅकअप रोज दोन ठिकाणी जातो आणि त्याची पत्रं मी वाचते. कापलेले फोटो मूळ फाइलींवरून पुन्हा सावलीसकट बसवले. पहिल्या पानावर आप्पांच्या नावाखाली आव्वाचं नाव घातलं. तिला फोन करून सांगितलं तर म्हणाली, "नाव ऱ्हाऊ द्या. फोटो कसा चढवायचा ते सांगा."

मी सांगितलं. फोनवर, सावकाश, दोन दुपारी. इथं दाबा, आता फोटो निवडा, आता नाव लिहा, आता प्रसिद्ध करा. तिनं मला एकच पायरी दोनदा विचारली.

त्यानंतर पहिलं पान तिनं एकटीनं केलं. मी एका प्लगिनची नवी आवृत्ती तपासत होते आणि यादीत ते दिसलं. वासरू असेल म्हणून उघडलं. आप्पा होते. गोठ्याच्या भिंतीला टेकून उन्हात गाढ झोपलेले, उन्हानं रापून काळं झालेलं तोंड अर्धवट उघडं, सदऱ्यावर चार काड्या चिकटलेल्या. रंगाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं 'वानेरा', गावाच्या रकान्यात 'घरचा'. खाली जमिनीवर तिची सावली त्यांच्या पायांपर्यंत आलेली.

दुसऱ्या दिवशी आप्पांचा फोन आला. "ताई, ते काढता येतंय का बगा. लोक फोन करायलेत."

"येतं की आप्पा. काढू का?"

पलीकडून बैलाच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"आसू द्या," ते म्हणाले. "आता तिनं केलंय तर आसू द्या."