हश्मतमामांचा नम्रपणा

आमच्या काशान शहरात दारातून आत शिरताना ‘आधी तुम्ही’, ‘नाही, आधी तुम्ही’ व्हायचंच. पण हश्मतमामा दारात थांबले की मागे रांग लागते. हात छातीवर, मान तिरकी, आवाज मधात बुडवलेला : “मी आपल्या पायाची धूळ, आपण पुढे व्हाऽऽ!” रोट्यांच्या रांगेत एकदा त्यांनी इतक्यांना पुढे सोडलं की भट्टीच विझली. त्या दिवशी मामी त्यांच्याशी फक्त पातेली आपटून बोलत होती.

मामा गालिचे धुण्याच्या कारखान्यात होते. थंडीच्या तोंडावर मालक हाजी सैफुल्लांनी यंत्र आणलं आणि घशाच्या तळातून आवाज काढत म्हणाले, “हश्मतखान, हा कारखाना तुमचाच आहे. फक्त उद्यापासून येऊ नका.” मामा “उपकार झाले” म्हणाले आणि चहाचा पेला विसळून घरी आले.

आता आशा बेकारी भत्त्याची. त्याचा नियम सरळ : मालकाने काढलं तर मिळतो, आपण होऊन सोडलं तर काही नाही.

“एवढंच म्हणायचं,” भत्त्याच्या कचेरीत जाताना मामी बसमध्ये घोकून घेत होती, “‘मला काढलं.’ म्हणा बघू.”

“मला... त्यांनी... मोकळं केलं.”

“काढलं!”

“हळू गं. बसमध्ये हाजींच्या ओळखीचं कोणी असेल.”

“भत्ता बुडाला ना, तर थंडीभर तुमचा सभ्यपणाच शिजवून वाढीन. मीठ लावून!”

कचेरीतल्या सुलतानीबाई नाकातून बोलतात, प्रत्येक शब्दावर शिक्का मारल्यासारख्या. “नाव. काम. नोकरी कशी गेली?”

मामांचा हात छातीवर गेला. मामीने डोळे मिटून घेतले.

“बाई, हाजींचा काय दोष? मीच थकलो. म्हटलं, त्यांना आपला त्रास नको.”

“म्हणजे आपण होऊन सोडली?”

“तसंच समजा. त्यांना बोल लागायला नको... ओय!”

मामीने चिमटा काढला होता. “खोटं बोलताहेत, बाई! काढलंय त्यांना!”

“तुम्हाला काढलंय का? नाही ना? मग त्यांना बोलू द्या,” बाई म्हणाल्या. “मालकाला बोलावते. समोरासमोर काय ते ठरेल.”

ठरलेल्या दिवशी हाजी अत्तर लावून, जपमाळ फिरवत आले. मी आणि मामी भिंतीला टेकून उभ्या. बाकावर नंबराची वाट बघणारे सगळे कान टवकारून बसलेले.

“हश्मतखान आपल्या मर्जीनं गेले,” हाजींनी सांगून टाकलं.

“अगदी खरं!” मामा उठून उभेच राहिले. “हाजींसारखा मालक शोधून सापडायचा नाही. मीच नालायक. त्यांच्या मिठाला जागलो नाही!”

मामीने डोक्यावरून घेतलेली चादर डोळ्यांवर ओढली.

आता आली पंचाईत हाजींची. चारचौघांत एखादा स्वतःकडे इतका कमीपणा घेतोय आणि तुम्ही ते नुसतं ऐकून घेताय? काशानात अशा माणसाला कोणी चहा विचारणार नाही. बाकावरच्यांच्या माना हाजींकडे वळल्या. हाजींचा हात आपोआप छातीवर चढला.

“लाजवू नका हो हश्मतखान! तुमच्यासारखा हात मिळतो का कुठे? चूक माझी!”

“छे छे, माझी!”

“माझी म्हणतो ना! यंत्र मी आणलं, तुम्हाला मीच काढलं! तुम्ही तर राहायला तयार होतात!”

बाईंचं पेन केव्हाच धावायला लागलं होतं. “‘मीच काढलं.’ हं. हाजी, इथे सही.”

जपमाळ थांबली. “म्हणजे... तसं... बोलण्याच्या ओघात...”

“वा हाजी!” बाकावरचा एक म्हातारा ओरडला. “याला म्हणतात मोठं मन!”

झालं. आता मागे कसं फिरणार? हाजींनी अशी सही केली, जणू दात उपटून घेताहेत.

“कशाला तसदी घेतलीत, हाजी?” मामा कळवळून कागदाकडे वाकले. “आपल्याला नको असेल तर फाडून टाकू या ना...”

मामीने कागद झडप घालून उचलला आणि बाईंच्या हातात कोंबला. धप्पकन शिक्का बसला, तरी मामांचं “राहू द्या हो, राहू द्या” चालूच होतं.