पुढे सरका, घोडी येतेय

आमच्या सौ.च्या मामांनी आयुष्यात कुणालाही ‘जागा नाही’ असं म्हटलेलं नाही. तीस वर्षं ते धुळे–चोपडा रस्त्यावर लाल गाडीत कंडक्टर होते. एका गाडीत त्यांनी किती माणसं बसवली ते खरं सांगितलं तर तुम्ही मला थापाड्या म्हणाल, म्हणून निम्मीच सांगतो : एकशे चाळीस. वर एक बोकड आणि रुखवतासकट एक नवरी. गाडी अशी ठासून भरायची की मागच्या सीटवर कुणी शिंकलं तर पुढच्या दारातला माणूस रस्त्यावर पडायचा, आणि मामा त्याला पुढच्या थांब्यावर परत आत घ्यायचे. तिकिटाचा पंच दांडीवर टकटक वाजवत ‘सरका जरा, सरका’ म्हणत ते त्या गर्दीतून असे जायचे, जशी भरताच्या वांग्यातून सुरी. त्यांचा एक सिद्धांत होता, आणि तो ते लग्नाकार्यात, दवाखान्यात, मयताला, कुठेही सांगत. “जावईबापू, नवा मानूस चढला की बठ्ठे तोंड वाकडं करतात. तिसऱ्या थांब्यापर्यंत भांडतात. चौथ्या थांब्याला एकमेकांना शेंगा देतात. कंडक्टरनं चौथ्या थांब्यापर्यंत दम धरायचा, बस.”

तीस वर्षं उभ्यानं काढल्यामुळे मामांना बसता येत नाही, असं आमच्या सासुरवाडीला सगळे मानतात. लग्नात ते उभ्यानं पत्रावळ हातात घेऊन जेवतात. आमच्या पिंप्राळ्याच्या घरी आले की पंख्याखाली दाराची चौकट धरून उभे राहतात आणि बाहेरून ट्रक गेला की नकळत गुडघे वाकवून तोल सांभाळतात. त्यांना जेवायला बसवायची कला फक्त मामींना येत होती. त्या सदऱ्याचं टोक धरून खाली ओढायच्या आणि म्हणायच्या, “बसा आते. गाडी डेपोमा लागनी.” मग मामा मुकाट बाजेवर बसायचे, शेजारी मामी बसायच्या आणि पदरानं ताटावरच्या माश्या हाकायच्या. दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या. तेव्हापासून मामा पुन्हा उभ्यानं जेवतात.

निवृत्तीनंतर मामांनी घोडे पाळले. गावाबाहेर केळीच्या बागांपलीकडे त्यांचं तारेचं कुंपण घातलेलं कुरण आहे, त्यात एक कडुलिंब, त्याखाली एक बाज आणि तीन घोडे. तिघंही एके काळी वरातीत नाचलेली. नाना नावाचा तपकिरी घोडा इतका सुस्त की त्याच्या पाठीवर बगळे मुक्काम करतात. तानी नावाची घोडी नानाची सावली. आणि या दोघांवर राज्य करणारी पांढरी घोडी, अक्का. एका वरातीत फटाक्यांच्या माळेनं अक्काची शेपटी जळाली, ती परत आलीच नाही. नुसती सुतळी उरली. तिची एक जोडीदारीण होती, ती मागच्या पावसाळ्यात गेली. त्यानंतर भर दुपारी नाना आणि तानी एकमेकांच्या तोंडाशी शेपटी करून, एकमेकांच्या माश्या वारत डुलत उभे राहत आणि अक्का कुंपणाच्या कोपऱ्यात एकटी, डोळ्यांवरच्या माश्या झटकायला दिवसभर मान हलवत असे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, ही सगळ्या जगाला ‘नाही, नाही’ म्हणते आहे.

यंदा चैत्रात धुळ्याहून मामांच्या जुन्या ड्रायव्हरचा फोन आला. मामा त्यांना उस्ताद म्हणतात आणि ते मामांना मास्तर. उस्तादांकडे वरातीच्या दोन घोड्या होत्या. त्यातली एक मेली आणि दुसरीनं, शेवंतीनं, चाऱ्याला तोंड लावणं सोडलं. उस्तादांचे गुडघे गेलेले, मुलगा त्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेत होता. गुरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, औषधाचं काम नाही; सोबत मिळाली तर खाईल, नाहीतर ही काही पावसाळा बघत नाही. “जागा शे का रे, मास्तर?” एवढंच उस्तादांनी विचारलं. मामांना असा प्रश्न विचारणं म्हणजे नदीला पाणी आहे का विचारणं.

मामा एकटे आहेत म्हणून सौ.नं मला आठ दिवसांची रजा टाकायला लावून तिकडे धाडलं. टेम्पोतून शेवंती उतरली. काळीभोर, बरगड्या मोजून घ्याव्यात इतकी वाळलेली. पण शेपटी मात्र खुरांपर्यंत, एखाद्या नवरीनं गंगावन लावावं तशी. मामांनी तिला कुंपणाच्या अलीकडे बांधलं आणि पलीकडच्या तिघांकडे बघून खिशातला तो जुना पंच खांबावर वाजवला. “अक्का, जराशी सरक ना व. पाव्हनी उभी शे.” अक्कानं कान मागे पाडले, दात दाखवले आणि तारेवर अशी लाथ झाडली की शेजारच्या बागेतला केळीचा घड पिकायच्या आधीच खाली आला.

दुसऱ्या दिवशी मामांनी युक्ती काढली. म्हणे घोडा डोळ्यानं नाही, नाकानं ओळख करून घेतो. शेवंतीच्या अंगावरची झूल त्यांनी स्वतः पांघरली आणि दिवसभर त्या तिघांत वावरले. दिवसभर म्हणजे दिवसभर : त्याच झुलीत किराणा आणला, त्याच झुलीत गावातल्या एका साखरपुड्याला गेले. तिथे पंगतीत एरवी मुंगीला शिरायला जागा नव्हती, पण उभ्यानं जेवणाऱ्या मामांच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ पाट मोकळे. संध्याकाळी अक्का आली, तिनं झूल हुंगली आणि मामांच्या खांद्याला कडकडून चावली. मामा आनंदानं ओरडले, “जावईबापू, पाहा! ओळखलं तिनं!” मी हळद लावली.

तिसऱ्या दिवशी शेवंतीला आत सोडलं. मामांनी चार घोड्यांना चाऱ्याचे पाच ढीग घातले. मी विचारलं, पाचवा कुणाला? “कुणाला नाही. एक सीट कायम रिकामी ठेवायची. मग ज्याला हुसकलं त्याला जायला जागा राहते.” पण शेवंती पाचव्या ढिगापाशी नुसती उभी राहिली. अक्का लांबून एकदा बघायची आणि शेवंती दहा पावलं मागे. चंदीचं घमेलं मामा तिच्या तोंडाशी घेऊन उन्हात तास तास उभे राहायचे. ती नाकानं भरडा ढकलायची आणि मान वळवायची. रोज सकाळी उस्तादांचा फोन यायचा. मामा मला डोळ्यांनी गप्प करून मोठ्यानं सांगायचे, “जेवनी ना, उस्ताद! भलती जेवनी!” आणि फोन ठेवला की बराच वेळ पंच हातात घेऊन न वाजवता उभे राहायचे.

सहाव्या दिवशी मी म्हणालो, “मामा, चार थांबे कधीच होऊन गेले.” माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “कधी कधी गाडी लेट राहते, जावईबापू.” पण आवाजात कंडक्टर नव्हता. त्या दिवशी त्यांनी भाकरी मोडून तशीच ठेवली.

सातव्या दिवशी दुपारी ऊन असं होतं की कावळा उडताना मध्येच विचार बदलून परत फांदीवर येत होता. कडुलिंबाच्या एका अंगाला नाना-तानीची जोडी. मामा खोडाला टेकून, हातात ताट घेऊन उभे. कळण्याची भाकरी, ठेचा. अक्का कोपऱ्यात मान हलवत होती. डोळ्यांच्या कडांना माश्यांचा नुसता काळा गोंद. शेवंती तिच्यापासून दहा पावलांवर, पाठमोरी. आणि तिनं आपल्या स्वतःच्या माश्यांसाठी शेपटी फिरवली. ती शेपटी एवढी लांब की वारा अक्काच्या तोंडापर्यंत गेला.

अक्काची मान थांबली. मामांचा घासही थांबला. शेवंतीनं पुन्हा शेपटी मारली. अक्का एक पाऊल पुढे आली. मग एक. कान मागे पडलेलेच, रुबाब सगळा शाबूत, जणू काही सहज फिरायला निघालेली. शेवटी तिनं आपलं तोंड त्या शेपटीखाली आणून ठेवलं आणि डोळे मिटले. काळी शेपटी इकडून तिकडे, तिकडून इकडे. अक्काची सुतळीही मग शेवंतीच्या तोंडासमोर हलू लागली. त्या सुतळीनं एक माशीही उडत नव्हती, पण प्रयत्न प्रामाणिक होता. खूप वेळानं अक्का चाऱ्याच्या ढिगाकडे निघाली आणि शेवंती तिच्या मागोमाग. दोघींनी एकाच ढिगात तोंड घातलं. कडबा चावण्याचा कुरकुर आवाज आम्हाला झाडाखाली ऐकू येत होता.

मामांनी पंच वाजवला नाही. फोन लावला. “उस्ताद! शेवंती जेवनी!”

“आरे, तू तं रोजच सांगस जेवनी म्हनीसन.”

“ते बठ्ठं खोटं व्हतं. आज खरं शे.”

पलीकडे उस्ताद आधी हसले. मग म्हणाले, “माले माहीत व्हतं, मास्तर. तीस वरीस गाडीना आरशामा तुनं तोंड देखं मी.”

फोन ठेवल्यावर मामांनी ताट उचललं. मला वाटलं, आता खोडाला टेकणार. पण ते चालत बाजेपाशी गेले आणि खाली बसले. कुणी सदरा ओढला नाही. बाजेच्या अगदी एका कडेला बसले, आणि उरलेली अर्धी बाज त्यांनी हातानं नीट झटकली. मी आनंदानं पुढे झालो आणि तिथं टेकणार, तेवढ्यात मामा माझ्याकडे न बघताच हळूच म्हणाले, “तिथं नको, जावईबापू. ती जागा राहू द्या.”

मी खाली जमिनीवर बसलो. खिशातलं घडी घातलेलं वर्तमानपत्र काढलं आणि त्यांचं जेवण होईपर्यंत ताटावरच्या माश्या हाकत राहिलो.