मायच्या परकराचं माप

मॅट्रिकनंतर मी हिंगणघाटला शिवणक्लास केला आणि वडनेरला घरी मशीन मांडलं. पहिलं गिऱ्हाईक माझी माय, आणि सगळ्यात तक्रारखोरही तीच. पोलकं काखेत काचतं, बाही लांडी झाली, तुले माप घेताच येत नाई. माझं नाक जरा वर झालं की ते खाली आणायचं काम ती मनापासून करायची.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. दिवाळी झाल्यावर तिनं परकर आणून टाकला. नाडी बांधायला पुरत नाही म्हणाली. मी लांब नाडी ओवून दिली. संक्रांतीला शिवण उसवून दोन बोटं सैल केला. होळीला आणखी दोन. पोलकी मात्र ढिली पडत होती, ती मी आत घेत होते. एकाच बाईचं वर कमी करायचं आणि खाली वाढवायचं, यात मला काही वावगं दिसलं नाही. मला थट्टा सुचली.

"माय, चोरून काय खाऊन राह्यली व? मले बी सांग."

"हवा खातो," ती म्हणाली.

खरंच हवाच. दोन भाकरी चुरून खाणारी बाई चतकोरात हात धुवायला लागली होती. सारखी लघवीला उठायची. गॅसेस, यावर घराचं एकमत होतं. ओवा झाला, हिंग झाला, गावातल्या डॉक्टरांच्या गुलाबी गोळ्या झाल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, पाळी गेली की पोट सुटतंच. माय सगळ्यांची औषधं घ्यायची आणि सगळ्यांना गुण आला म्हणून सांगायची. कोणी नाराज व्हायला नको.

उन्हाळ्यात पाय सुजले तेव्हा कुठे तिला वर्ध्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, अंडाशयाचा कॅन्सर आहे, पसरलाय, पोटात पाणी झालंय. पोट कधीपासून वाढतंय, त्यांनी विचारलं. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. ठाऊक फक्त मला होतं, सणवार आणि बोटांच्या हिशेबानं. मी सांगितलं. आधी आणली असती तरी सापडलाच असता असं नाही, हा फार लपून राहतो, असं त्या हळूच म्हणाल्या. मला त्यानं काही बरं वाटलं नाही. त्या थट्टेची लाज मला आजही वाटते.

परतीच्या एसटीत मी पदरात तोंड घालून रडत होते. मायनं कोपरानं ढोसलं.

"जन्मात पहिल्यांदा तुहं माप बरोबर निघालं, न तू रडून राह्यली."

पुढची दिवाळी तिनं पाहिली नाही.

मी अजून शिवते. एकच परकर दुसऱ्यांदा सैल करायला आला की मी कात्री खाली ठेवते. जेवण जाते का, लवकर पोट भरते का, विचारते, आणि आधी दवाखान्यात धाडते. बाया हसतात, टेलरीण डॉक्टर झाली म्हणतात. हसू देत. हा आजार वेळेत पकडणारी पक्की तपासणी अजून निघायची आहे म्हणे. तोवर माझी टेप आहे. ती बरोबर माप दाखवते, हे खुद्द मायनं कबूल केलेलं आहे.